मॉड्यूलला सीई, अडॅप्टरला सीई, मग डब्याला काय? तापमान नोंदवणाऱ्या एका यंत्राचं निर्यात-प्रकरण

पार्श्वभूमी

कंपनी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातली, पंचवीस-तीस माणसांची. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. दोन भागीदार: एक डिझाइन आणि उत्पादन बघतात, दुसरे विक्री. त्यांचं मुख्य उत्पादन म्हणजे शीतगृहातलं तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं यंत्र. भिंतीवर बसणारा प्लास्टिकचा डबा, त्याला जोडलेले चार सेन्सर, छोटा डिस्प्ले, वाय-फाय आणि इथरनेट. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की मॅनेजरच्या फोनवर सूचना जाते. नाशिक-सांगलीकडची द्राक्षांची पॅकहाउसं, औषधांचे घाऊक विक्रेते आणि दुधाचे प्लँट हे त्यांचे जुने ग्राहक. देशात यंत्र व्यवस्थित चालत होतं आणि लोक समाधानी होते.

२०२४च्या उत्तरार्धात नेदरलँड्समधल्या एका वितरकाने त्यांना पहिली ऑर्डर देऊ केली. माल पुढच्या वर्षी उन्हाळ्यानंतर हवा होता. पाठोपाठ अमेरिकेतल्या एका वितरकाचीही विचारणा आली. डच वितरकाच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी मागितल्या होत्या: सही केलेलं डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी (यंत्र नियम पाळतं अशी उत्पादकाची घोषणा), त्यामागचे टेस्ट रिपोर्ट, आणि तांत्रिक फाइल तयार असल्याची लेखी हमी. शिवाय डब्यावर कंपनीचं नाव नको, त्यांचा स्वतःचा ब्रँड हवा, असंही त्यात होतं.

मला सल्लागार म्हणून बोलावलं तेव्हा विक्री बघणाऱ्या भागीदारांनी टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. त्यात सीईचे, म्हणजे वस्तू युरोपचे नियम पाळते असं सांगणाऱ्या चिन्हाचे, आणि एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचे कागद होते. "सर, वाय-फाय मॉड्यूलला सीई आहे, एफसीसी आहे. आतल्या पॉवर सप्लायला सीई आहे. सेन्सरलाही आहे. मग आपल्या डब्याला वेगळं काय करायचं? सीईचा स्टिकर लावून पाठवून देऊ ना?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक लहान उद्योगात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. भाग प्रमाणित असतील तर त्यांपासून बनलेली वस्तूही प्रमाणित, असं वाटणं स्वाभाविक आहे. या प्रकरणात ते गृहीतक कुठे कुठे मोडलं, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

खरी अडचण काय होती

आधी सीईबद्दल. हे चिन्ह कोणतंही सरकारी कार्यालय देत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादक स्वतः नियम तपासतो, चाचण्या करून घेतो, फाइल बनवतो, घोषणेवर सही करतो आणि चिन्ह लावतो. फाइल दहा वर्षं जपून ठेवायची असते. म्हणजे कायद्याने जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, आणि ती संपूर्ण यंत्राची असते. मॉड्यूल बनवणाऱ्याची सही त्याच्या मॉड्यूलपुरती. ते मॉड्यूल आपल्या पीसीबीवर (सर्किट बोर्डावर), आपल्या केबलींसह, आपल्या डब्यात कसं वागतं याची हमी त्याने दिलेली नसते.

वाय-फाय असल्यामुळे या यंत्राला युरोपचा रेडिओ उपकरणांचा निर्देश २०१४/५३ लागू होता. रेडिओ असलेल्या वस्तूला विद्युत सुरक्षेचा आणि ईएमसीचा (यंत्राने विद्युतचुंबकीय गोंगाट सोडू नये आणि बाहेरच्या गोंगाटाने बिघडू नये, याचा) निर्देश वेगळा लागत नाही; त्या दोन्ही अपेक्षा याच निर्देशात येतात. सुरक्षेसाठी इथे व्होल्टेजची खालची मर्यादाही नाही. साध्या लो-व्होल्टेज निर्देशात ५० व्होल्ट एसीखालची वस्तू सुटते, इथे बॅटरीवरचं यंत्रही तपासावं लागतं. याशिवाय रोह्स हा घातक पदार्थांवरचा निर्देश होताच.

मग आम्ही गठ्ठ्यातले कागद एकेक करून वाचले. त्यात बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. आतल्या पॉवर सप्लायचं 'एलव्हीडी सर्टिफिकेट' एका खासगी संस्थेचं होतं आणि त्यावर नोटिफाइड बॉडी (युरोपीय देशांनी नेमलेली तपासणी संस्था) असल्याचा थाट होता. पण २०१४/३५ या लो-व्होल्टेज निर्देशात नोटिफाइड बॉडीला भूमिकाच नाही. तिथे उत्पादकाने स्वतः केलेलं मूल्यांकन एवढाच मार्ग आहे. तेव्हा तो कागद फार तर कुणाचं ऐच्छिक मत होता. रिपोर्ट मागवल्यावर त्यातल्या फोटोत जे ट्रान्सफॉर्मर आणि वाय-कपॅसिटर दिसत होते, ते कंपनीच्या स्टोअरमधल्या सप्लायवर नव्हते. मॉडेल नंबर तोच, आतला माल वेगळा. ट्रान्सफॉर्मर आणि वाय-कपॅसिटर हेच दोन भाग मेनची (२३० व्होल्टची) बाजू आणि माणूस हात लावतो ती बाजू यांच्यामध्ये उभे असतात. सुरक्षेच्या दृष्टीने सगळा रिपोर्ट त्या दोन भागांवर टेकलेला होता.

दुसरी अडचण अँटेनाची. शीतगृहाच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रा असलेले पफ पॅनेल. आत बसवलेल्या यंत्राचं वाय-फाय बाहेर पोचत नाही. त्यावर कंपनीने मॉड्यूलच्या मूळ पीसीबी अँटेनाऐवजी ५ डीबीआय गेनची, म्हणजे लहरी ठरावीक दिशेला जास्त एकवटणारी, बाहेरची अँटेना लावली होती. भारतात यात गैर काही नव्हतं: २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात आपल्याकडे ४ वॉट ईआयआरपीपर्यंत (अँटेनाचा गेन धरून मोजलेली शक्ती) मुभा आहे. युरोपात त्याच पट्ट्याची मर्यादा १०० मिलीवॉट, म्हणजे २० डीबीएम. मॉड्यूल १८ डीबीएम सोडतं, त्यात अँटेनाचे ५ मिळवले की २३ डीबीएम, म्हणजे साधारण २०० मिलीवॉट. मर्यादेच्या दुप्पट. अमेरिकेत एवढी शक्ती चालते, पण तिथे वेगळी मेख आहे. मॉड्यूलला मिळालेली एफसीसीची मॉड्युलर मंजुरी त्याच प्रकारच्या आणि तेवढ्याच किंवा कमी गेनच्या अँटेनापुरती असते. जास्त गेनची अँटेना लावली की 'कंटेन्स एफसीसी आयडी' असं लेबल लावण्याचा हक्क जातो, आणि मूळ मंजुरीधारकाकडून बदलाची नोंद करून घ्यावी लागते. एकच अँटेना, आणि तीन बाजारांत तीन उत्तरं.

तिसरी गोष्ट तारखेची. इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांसाठी युरोपने सायबर सुरक्षेची अट घातली होती आणि ती एकदा पुढे ढकलून १ ऑगस्ट २०२५पासून लागू होणार होती. इथे विक्री भागीदारांचं म्हणणं होतं की मॉडेल आधीच बाजारात आणू, म्हणजे जुना नियम लागू राहील. तसं होत नाही. 'बाजारात आणणं' हे मॉडेलला नाही, प्रत्येक नगाला लागू असतं. त्या तारखेनंतर युरोपात पहिल्यांदा पुरवला जाणारा प्रत्येक डबा नव्या अटीत येतो. ऑर्डरचा माल उन्हाळ्यानंतर जायचा होता, म्हणजे सुटका नव्हती.

समोरचे पर्याय

सगळ्यात मोठा निर्णय मेनचा होता. २३० व्होल्ट डब्याच्या आत आणायचे की बाहेर ठेवायचे?

आत ठेवायचे तर दुसरा, खात्रीचा पॉवर सप्लाय शोधून आयईसी ६१०१०-१ या मोजमाप-नियंत्रण उपकरणांच्या मानकाखाली पूर्ण सुरक्षा चाचणी करायची. त्यातून सीबी योजनेचा रिपोर्ट घेतला तर तो अनेक देशांत, राष्ट्रीय फरकांची पुरवणी जोडून, वापरता येतो. अमेरिकेसाठी मात्र ओशाने (तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने) मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचं, म्हणजे एनआरटीएलचं, लिस्टिंग लागलं असतं. यूएल, इंटरटेकचं ईटीएल, सीएसए, टीयूव्ही हे सगळे त्या यादीतले. तिथे एकदा चाचणी करून भागत नाही. त्यांचा निरीक्षक वर्षातून ठरावीक वेळा, बहुधा दर तिमाहीला, कारखान्यात येतो आणि यादीतलेच भाग वापरता आहात का ते बघतो. त्याचा खर्च दरवर्षी येत राहतो. इथेच आणखी एक गोंधळ दूर करावा लागला. कंपनीकडच्या दुसऱ्या एका सप्लायवर यूएलचं उलटं आर-यू हे चिन्ह होतं. ते 'रेकग्नाइज्ड कंपोनंट'चं चिन्ह आहे, म्हणजे दुसऱ्या उपकरणाच्या आत, दिलेल्या अटी पाळून बसवायचा भाग. ते चिन्ह आतल्या भागावर असलं म्हणून सबंध यंत्र लिस्टेड होत नाही.

दुसरा पर्याय होता बाहेरचा अडॅप्टर. मेन संपूर्णपणे त्याच्यात, डब्याला फक्त १२ व्होल्ट डीसी. अडॅप्टर अशा उत्पादकाचा घ्यायचा की त्याच्या एकाच मालिकेला युरोपचे कागद, अमेरिकेचं लिस्टिंग आणि भारताचं बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी चिन्ह आहे. आपल्याकडे आयटी उपकरणांचे अडॅप्टर सक्तीच्या नोंदणीत येतात. अडॅप्टरवर मानकाचा क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर तो विकताच येत नाही. तोटा एवढाच की शीतगृहात लोंबणारा अडॅप्टर कुणाला आवडत नाही, आणि ओलाव्यापासून तो जपावा लागतो.

तिसरा पर्याय डिझाइन बघणाऱ्या भागीदारांनी स्वतः मांडला आणि मला तो फार विचार करण्यासारखा वाटला: वाय-फाय काढूनच टाकायचं. फक्त इथरनेट ठेवलं तर रेडिओचा निर्देश लागू होत नाही, त्याखालची १ ऑगस्टची सायबर अट लागू होत नाही, अमेरिकेत मॉड्यूलची भानगड नाही आणि भारतात वाय-फायसाठी डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाच्या शाखेचं) ईटीए हे मंजुरीपत्र लागत नाही. मेनही बाहेर ठेवलं तर उरतात ईएमसी आणि रोह्स. विक्री भागीदारांनी विरोध केला: जुन्या शीतगृहांत लॅनची वायर ओढायला कुणी तयार होणार नाही आणि डच वितरकाने वाय-फाय बघूनच यंत्र निवडलं होतं. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

वर्गाचा प्रश्नही सोडवायचा होता. उत्सर्जनाच्या मर्यादा दोन वर्गांत असतात: उद्योगांसाठी ढिला अ वर्ग आणि निवासी भागासाठी कडक ब वर्ग. यंत्र शीतगृहाचं, म्हणजे औद्योगिक, तर अ वर्गात भागेल असा पहिला विचार होता. पण डच वितरकाची यादी मागवली तेव्हा तिच्यात औषधांची दुकानं आणि रेस्टॉरंट निघाली. तिकडच्या गावांत औषधाचं दुकान तळमजल्यावर आणि वर राहती घरं, वीजजोडणीचं जाळं तेच. ग्राहक कोण आहे हे न विचारता वर्ग ठरवला असता तर पहिल्याच तपासणीत अडकलो असतो. ब वर्ग घेतला.

काय केलं

मेन बाहेर काढलं. अँटेना परत मॉड्यूलची मूळ पीसीबी अँटेना झाली. शीतगृहातून रेंज मिळत नाही म्हणून मग यंत्राची जागाच बदलली: डबा पॅनेलच्या बाहेर, आणि सेन्सर आरएस-४८५ च्या (लांब अंतरावर आकडे नेणाऱ्या जोडणीच्या) केबलीने आत. केबल दहा मीटरपर्यंत. कागदावर हा उपाय सुबक दिसत होता. अडॅप्टरही त्यामुळे कोरड्या जागेत आला.

पुढची अडचण या उपायातूनच निघाली.

ईएमसीच्या चाचणीला थेट अंतिम चाचणी म्हणून न जाता आधी पूर्वचाचणी घ्यावी असा माझा आग्रह होता. महाराष्ट्रात यासाठी समीरसारख्या सरकारी संस्थेपासून एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळांपर्यंत सोय आहे. आम्ही एका खासगी चेंबरमध्ये गेलो. डबा एकटा ठेवला तेव्हा उत्सर्जन आरामात मर्यादेखाली. चारही सेन्सर पूर्ण लांबीच्या केबलींसह जोडले आणि १७५ मेगाहर्ट्झवर टोक वर आलं. ३ मीटरवर युरोपची ब वर्गाची मर्यादा तिथे ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, आमचं ४९. अमेरिकेची मर्यादा त्या पट्ट्यात ४३.५, म्हणजे तिकडेही नापास.

१७५ हा आकडा बघितल्यावर डिझाइन बघणारे भागीदार लगेच म्हणाले, "पंचवीस गुणिले सात." इथरनेट चिपचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा होता. त्याची सातवी हार्मोनिक. पण हार्मोनिक बोर्डावर असणं वेगळं आणि हवेत जाणं वेगळं. हवेत जायला तिला अँटेना लागते, आणि ती अँटेना आम्ही स्वतःच लांब करून दिली होती. केबलवर पाच-सात मायक्रोअँपिअर कॉमन-मोड करंट (सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा) वाहिला तरी ब वर्गाची मर्यादा ओलांडायला पुरतो. केबलचं शील्ड बोर्डाला एका लांब वेणीने जोडलेलं होतं, तेही घड्याळाच्या ट्रेसजवळच्या ग्राउंडला. म्हणजे शील्ड गोंगाट अडवण्याऐवजी तो बाहेर वाहून नेत होतं.

चेंबरमध्येच प्रत्येक केबलवर क्लिप-ऑन फेराइट (गोंगाट शोषणारी कडी) लावून बघितलं. टोक मर्यादेखाली आलं, थोडक्यात. इथे या प्रकरणातला दुसरा महत्त्वाचा निर्णय उभा राहिला. विक्री भागीदारांना तिथेच थांबायचं होतं: फेराइट लावू, अंतिम चाचणी घेऊ, माल वेळेत जाईल. डिझाइन भागीदार गप्प होते. मी विरोधात होतो, आणि आजही असाच सल्ला देईन. क्लिप-ऑन फेराइट हा बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेला उपाय आहे. ग्राहकाकडे केबल बदलली, क्लिप निसटली, लाइनवर एक कमी पडला, की बाजारातलं यंत्र चाचणी झालेलं यंत्र राहत नाही. आणि घोषणेवरची सही प्रत्येक नगासाठी असते.

शेवटी बोर्ड नव्याने केला. दोन लेयरचा चार लेयरचा झाला, आत सलग ग्राउंड प्लेन. क्रिस्टल केबलच्या कनेक्टरपासून दूर नेला, घड्याळाच्या लाइनवर मालिकेत ३३ ओहमचा रेझिस्टर टाकून तिच्या कडा मंद केल्या. सेन्सर लाइनवर कॉमन-मोड चोक बोर्डावरच बसवला. शील्ड धातूच्या ग्लँडमध्ये चारी बाजूंनी दाबून, ग्लँडमागच्या धातूच्या पट्टीला जोडलं, वेणी गेली. यात काही आठवडे गेले आणि डच वितरकाला तारीख पुढे ढकलण्याबद्दल लिहावं लागलं. ते पत्र विक्री भागीदारांनी कारणांसह, रिपोर्टचा आलेख जोडून लिहिलं. वितरकाने तारीख बदलून दिली.

नव्या बोर्डाने उत्सर्जनाची चाचणी पुरेशा फरकाने पार केली. कंडक्टेड चाचणी (तारेवाटे मेनमध्ये जाणाऱ्या गोंगाटाची) ज्या अडॅप्टरसह माल जाणार होता त्याच अडॅप्टरवर घेतली. अडॅप्टर उत्पादकाचा रिपोर्ट साध्या रेझिस्टरच्या लोडवरचा असतो. आपला बोर्ड त्याला तसा भासतोच असं नाही. स्थिर विद्युतच्या चाचणीत, ४ किलोव्होल्ट स्पर्शाच्या झटक्याला, डिस्प्लेजवळ यंत्र एकदा रीस्टार्ट झालं. काही उपकरणांत आपोआप सावरणं चालून जातं. पण हे नोंद ठेवणारं यंत्र आहे. रीस्टार्टच्या काळातली नोंद गेली तर त्याचं मुख्य कामच चुकलं. म्हणून डिस्प्लेच्या रिबनजवळ संरक्षक डायोड टाकले आणि फर्मवेअर असं बदललं की नोंद आधी फ्लॅशमध्ये जाईल.

सायबरच्या बाजूला निर्णय तुलनेने सोपा होता, कारण मानकांनीच वाट दाखवली होती. ईएन १८०३१ ही मालिका जानेवारी २०२५मध्ये काही मर्यादांसह युरोपच्या राजपत्रात आली. त्यातली एक मर्यादा अशी की वापरणाऱ्याला पासवर्ड न ठेवण्याची मुभा असेल, तर मानक पाळल्याचा फायदा मिळत नाही आणि नोटिफाइड बॉडीकडे जावं लागतं. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड होता आणि तो रिकामाही ठेवता येत होता. आता प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड कारखान्यात तयार होतो, लेबलवर छापला जातो आणि तो टाळता येत नाही. अपडेटवर डिजिटल सही तपासली जाते. सूचना पाठवण्याचे मोबाइल नंबर डब्यातच साठवले जायचे, त्यामुळे वैयक्तिक माहितीचं कलमही लागू होत होतं. नंबर सर्व्हरवर हलवले. तरी लॉगिनची नावं यंत्रात उरतात, म्हणून मानकाच्या दुसऱ्या भागाचं मूल्यांकनही फाइलमध्ये ठेवलं.

रोह्सबद्दल एक प्रसंग सांगायलाच हवा. भागांच्या घोषणा गोळा करणं चालू असताना मी रीवर्कच्या टेबलावरची सोल्डर वायर बघितली. ६३/३७, म्हणजे ३७ टक्के शिसं. मशीनवरची जोडणी शिसेमुक्त, पण हाताने दुरुस्त केलेल्या प्रत्येक सांध्यात शिसं. रोह्समध्ये मर्यादा एकसंध पदार्थाच्या ०.१ टक्के आहे. असा एक सांधाही पुरे. ती वायर बुधवार पेठेतून वर्षानुवर्षं येत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. निर्यातीच्या मालासाठी वेगळं टेबल, वेगळी टिप, वेगळी वायर अशी सोय केली. नंतर कंपनीने सगळंच काम शिसेमुक्त केलं, कारण दोन टेबलं वेगळी राखणं जास्त अवघड निघालं.

ब्रँडचा मुद्दा मी शेवटपर्यंत लावून धरला. डच वितरकाचं नाव डब्यावर उत्पादक म्हणून गेलं, तर कायद्याने तोच उत्पादक होतो: घोषणेवर सही त्याची आणि फाइलही त्याने ठेवायची. ही गोष्ट त्याला लेखी सांगितल्यावर त्याने आग्रह सोडला. डब्यावर कंपनीचं नाव-पत्ता, खाली आयातदार म्हणून त्याचं नाव-पत्ता. २०१९/१०२० या नियमानुसार जुलै २०२१पासून अशा वस्तूसाठी युरोपात बसलेला जबाबदार घटक लागतोच. आयातदार म्हणून ती भूमिका त्याने घेतली.

निष्पत्ती

माल युरोपात मूळ तारखेपेक्षा उशिरा गेला, पण सगळ्या कागदांसह गेला. ब्रिटनमध्येही तो वितरक थोडा माल विकतो. तिथल्या सरकारने २०२३मध्ये बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सीईची मान्यता मुदतीशिवाय चालू ठेवण्याचं जाहीर केल्यामुळे वेगळ्या यूकेसीए चिन्हाचा खर्च वाचला.

अमेरिकेत मॉड्यूलचा एफसीसी आयडी लेबलवर 'कंटेन्स' म्हणून गेला, आणि डब्याच्या स्वतःच्या उत्सर्जनासाठी पुरवठादाराची घोषणा केली. या घोषणेसाठी जबाबदार पक्ष अमेरिकेत असावा लागतो. तिथल्या वितरकाने ते मान्य केलं. सुरक्षेच्या बाबतीत मेनला जोडणारा भाग म्हणजे अडॅप्टर एनआरटीएल लिस्टेड असणं त्याच्या ग्राहकांना पुरलं. हे सर्वत्र चालेल असं नाही. कामाच्या ठिकाणी विद्युत उपकरण मान्य करणारा स्थानिक तपासनीस संपूर्ण यंत्राचं लिस्टिंग मागू शकतो, आणि एका मोठ्या गोदाम कंपनीने तसं मागितल्यामुळे ती ऑर्डर हुकली.

भारतातल्या मालालाही याचा फायदा झाला. देशी यंत्रांतही तोच नवा बोर्ड, तोच बीआयएस नोंदणीचा अडॅप्टर जातो. डेअरीच्या एका प्लँटमध्ये मोठ्या मोटारीच्या ड्राइव्हजवळ सेन्सरचे आकडे अधूनमधून उड्या मारायचे. बोर्ड बदलल्यावर ते थांबलं. बाहेर गोंगाट न सोडणारी केबल बहुतेक वेळा आतही गोंगाट येऊ देत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

इथरनेटवाला पर्याय पूर्ण बाजूला ठेवायला नको होता, असं माझं मत आहे. तो आधी पाठवता आला असता. वितरकाच्या ग्राहकांपैकी ज्यांच्याकडे लॅन होतं त्यांना माल वेळेत मिळाला असता, आणि वाय-फायचं मॉडेल सावकाशीने आलं असतं. एकच यंत्र सगळ्यांना, या हट्टापायी सगळी ऑर्डर सगळ्यात अवघड नियमाच्या वेगाने चालली.

डबा बाहेर आणि सेन्सर आत असं ठरलं त्याच दिवशी ईएमसीचा विचार पुन्हा व्हायला हवा होता. अँटेनाचा प्रश्न रेडिओचा, केबलचा प्रश्न ईएमसीचा, असे कप्पे पाडल्यामुळे एका उपायाने दुसरी अडचण जन्माला घातली आणि ती चेंबरमध्ये जाऊन कळली. बाकावरच्या चाचण्या केबलीशिवाय होत होत्या. एक साधा करंट प्रोब केबलभोवती लावला असता, तर १७५चं टोक कारखान्यातच दिसलं असतं.

बोर्ड नव्याने करण्याचा निर्णय मात्र योग्यच होता, उशीर धरूनही. त्यानंतर काही महिन्यांनी खरेदी विभागाने तुटवड्यामुळे कॉमन-मोड चोकचा दुसरा मेक सुचवला. किंमत कमी, आकार तोच. बदलाच्या नोंदीच्या फॉर्मवर आता 'उत्सर्जनाला बाधक' असा रकाना आहे, त्यामुळे तो डिझाइनकडे आला. मोजून बघितलं तर १७५ मेगाहर्ट्झवर त्याचा इंपिडन्स बराच कमी होता. तो नाकारला.

सध्या कंपनीत चर्चा चालू आहे ती युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्याची. तो डिसेंबर २०२४मध्ये अस्तित्वात आला. त्यातली, गैरफायदा घेतल्या जाणाऱ्या त्रुटी कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६पासून आणि मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतात. इथे इथरनेटवालं मॉडेलही सुटत नाही, कारण हा कायदा रेडिओपुरता नाही. यंत्र विकल्यानंतर साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यायचे, तर फर्मवेअर सांभाळणारा माणूस तेवढा काळ पगारावर हवा. सध्या ते काम बाहेरच्या एका फ्रीलान्सरकडे आहे. त्याला नोकरीवर घ्यायचं, की त्या खर्चापायी युरोपसाठी यंत्राची किंमत वाढवायची, यावर दोघा भागीदारांचं अजून एकमत झालेलं नाही.